परवा तिकिटं स्वस्त

आत्याचा निरोप आला तेव्हा ती दुकानात एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होती. काडी गरम करायची, हलकेच वाकवायची, कानामागे लावून बघायची, पुन्हा गरम करायची. आजोबा म्हणत होते, "टोचतंय." मग म्हणत होते, "आता सुटतोय." मग पुन्हा टोचत होतं. खिशातला फोन थरथरला तशी तीही दचकली. फोन वाजला की तो पाळणाघरातूनच आला असणार आणि तिची लेक ढमी तरी पडली असणार किंवा ढमीनं काहीतरी गिळलं तरी असणार, अशी तिची पक्की समजूत होती. आजोबांना आरशासमोर बसवून तिनं फोन बघितला.

"परवा तिकिटं स्वस्त."

एवढंच. खाली 'आत्या' असंसुद्धा नाही.

ती तशीच काउंटरला टेकली. परवा ढमी तापानं फणफणली होती. दिवसभर कपाळावरची पट्टी बदलणं आणि औषध पाजायला तिच्या मागे मागे फिरणं, यात जेवायचीही शुद्ध नव्हती. तिकिटं बघायची राहूनच गेली होती. रोज डोळ्यांत तेल घालून बघत होती ती, एक दिवस चुकला, आणि नेमक्या त्याच दिवशी तिकिटं स्वस्त झाली. याला नशीब नाही तर काय म्हणायचं.

तिनं आत्याला उत्तर पाठवलं, "कळलं." आत्याला लांब उत्तरं आवडत नसत.

"अहो बाई," आजोबा आरशातून म्हणाले, "आता बरोबर बसलाय. पण तुमचा चेहरा का उतरला?"

आता ही आत्या कोण आणि तिकिटं कसली, ते सांगायला हवं. आत्या म्हणजे तिच्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहते. उभा जन्म तारखात्यात गेला. लोक खिडकीशी येऊन आपली सुखदुःखं भडाभडा सांगायचे आणि आत्या पेन्सिल घेऊन त्यातले शब्द छाटायची, कारण तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. 'प्रिय' काढ, 'कृपया' काढ, 'आहे' काढ. पुढे तारा बंद झाल्या, आत्या निवृत्त झाली, पण छाटायची सवय काही सुटली नाही. फोनवरून निरोप पाठवायला दमडीसुद्धा पडत नाही, हे भाचरांनी तिला कितीदा समजावलं. आत्या म्हणायची, "पैसे पडत नाहीत म्हणून काय शब्द सांडत बसायचं?" ढमी जन्मली तेव्हा नातेवाइकांचे लांबलचक निरोप आले, बाहुल्यांची चित्रं आली, फुलं आली. आत्याचा निरोप होता, "आनंद. झोप." म्हणजे मला आनंद झाला आणि तू आता झोप काढ. दवाखान्यातल्या त्या कॉटवर तिला तोच सगळ्यांत जवळचा वाटला होता, कारण तिच्या झोपेबद्दल दुसऱ्या कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि तिकिटं कसली, तर घरी जायची. बाबांच्या घरी दरवर्षी शाळा सुटल्या की सगळी भावंडं, त्यांची मुलं आणि आता त्या मुलांची मुलं, अशी फौज जमते. त्याला घरात नुसतं 'सुट्टी' म्हणतात, जणू बाकीच्या वर्षात कुणाला सुट्टी मिळतच नाही. मोठ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या. पंख्याखालच्या गादीवरून भांडण. आंघोळीला रांग. दुपारी पत्ते, आणि पत्त्यांत लबाडी करायचा मान धाकट्या काकांचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा पायऱ्यांवर फोटो. मागच्या दोन फोटोंत ती नव्हती. म्हणजे होती, पण दादानं हातात धरलेल्या फोनच्या काचेत, अंगठ्याएवढी.

पहिल्या वर्षी तिला दिवस भरत आले होते. दुसऱ्या वर्षी ढमी वर्षाचीही नव्हती, आणि तिकिटं अशी की दोघा नवराबायकोंनी नुसता आकडा बघून फोन उपडा ठेवला. बाळंतपणाला आई येणार होती, तर ऐन वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सासूबाई धावून आल्या. त्यांनी रात्र रात्र ढमीला खांद्यावर घेतलं, सुनेला न्हाऊमाखू घातलं. त्यांचे उपकार ती जन्मात विसरणार नव्हती. पण तिच्या स्वतःच्या माणसांपैकी कुणीही अजून ढमीला उचललेलं नव्हतं. ढमीच्या लेखी ते आजी-आजोबा म्हणजे काचेतली चपटी माणसं होती. आजोबा बोलायला लागले की ती फोन उलटा करून त्यांची पाठ शोधायची.

यंदा जमण्यासारखं होतं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसवून नेता येतं, त्याची वेगळी जागा घ्यावी लागत नाही. ढमीचा दुसरा वाढदिवस सुट्टी संपता संपता येत होता. त्याच्या आत जाऊन परत आलं, तर एकाच तिकिटात दोघी. नवऱ्याला येता येणार नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्ट्यांत घरोघरी पाहुणे येतात, मुलं लिफ्टमध्ये खेळतात, सगळी बटणं एकदम दाबतात, आणि मग याचा फोन वाजायचा थांबत नाही.

म्हणजे जायचं ते एकटीनं, ढमीला घेऊन. मधे विमान बदलायचं. ही गोष्ट ती दिवसा कुणाशी बोलत नसे. हिचे कान दुखले तर? सगळा वेळ रडत राहिली तर? विमान बदलताना, एका हातात ही आणि दुसऱ्या हातात पिशव्या असताना, दार बंद झालं तर? आपल्याला स्वतःलाच शौचाला जायचं झालं, तर हिला कुणाच्या मांडीवर द्यायची? कॉलेजात तिनं तर्कशास्त्र घेतलं होतं. त्याचा उपयोग तिला एवढाच झाला होता की प्रत्येक 'तर'च्या पुढे तिला आणखी एक 'तर' अचूक सापडत असे. नवरा तिला 'चिंतोबा' म्हणायचा, आणि लाडानं म्हणायचा, म्हणून ती रागवत नसे.

त्या संध्याकाळी तिनं त्याला आत्याचा निरोप दाखवला. तो नुकताच हात धुऊन आला होता, तरी बोटांना वंगणाचा वास होता.

"आत्याला विचार तरी, नक्की काय ते."

"विचारायचं काय त्यात? परवा स्वस्त होती, आज नाहीत. मी आल्या आल्या बघितलं. होती तेवढीच महाग आहेत."

"परवाची गोष्ट आत्या आज का सांगतेय?"

"आत्या आहे ती. तीन शब्द निवडायला दोन दिवस लागले असतील."

तो हसला. ढमी त्याच्या पायावर चढून झोका मागायला लागली, आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

तिला वाटलं होतं, ढमी झोपली की आपल्याला रडू कोसळेल. तसं झालं नाही. उलट थोडं मोकळं झाल्यासारखं वाटलं. आता विमान बदलायचं नाही. आता ढमीचे कान दुखणार नाहीत. हे आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तशी ती चपापली, आणि गरज नसताना धुतलेली भांडी पुन्हा पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या गेल्या तिनं ताईंना गाठलं. ताई दुकानाच्या मागच्या खोलीत बसायच्या. पुढे ती गिऱ्हाइकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची, फ्रेम निवडून द्यायची. मागे ताई मशीनवर काचा फ्रेमच्या मापाला घासून द्यायच्या. मशीनच्या घरघरीपुढे ऐकू जावं म्हणून ताई कायम मोठ्यानं बोलायच्या, मशीन बंद असलं तरी. त्यांच्या मुलानं दुसऱ्या गावी नवी खोली घेतली होती. तिथं जाऊन पडदे लावून यायचे, म्हणून त्यांना नेमके तेच दिवस हवे होते. पण दुकानातून एका वेळी एकीलाच सुट्टी, आणि सुट्ट्यांच्या पाटीवर आधी हिचं नाव लागलं होतं. ताईंनी त्यावर एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

"ताई, ते दिवस तुम्ही घ्या. माझं जाणं रद्द झालं."

"रद्द? का गं?"

"तिकिटं परवडत नाहीत."

ताईंनी मशीन थांबवलं, तिच्याकडे नीट बघितलं, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

तिनं स्वतःच पाटीवरचं आपलं नाव पुसून ताईंचं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

रात्रीच्या जेवणाआधी बाबांना फोन केला. 'यंदाही जमत नाही' हे वाक्य तिनं घरभर फिरून दोनचारदा म्हणून बघितलं होतं, तरी सांगताना ते मधेच तुटलं. बाबा म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "दाढा आल्या का ढमीला?" मग दाढांबद्दल बराच वेळ बोलणं झालं. बाबांना दाढांत इतका रस असेल असं तिला वाटलं नव्हतं. फोन ठेवताना त्यांनी पुन्हा एकदा "बरं" म्हटलं.

त्यानंतरच्या दिवशी जेवायच्या सुट्टीच्या थोडं आधी आत्याचा फोन आला. निरोप नव्हे, फोन. आत्या फोन करते ती कुणी जन्मलं तर किंवा कुणी गेलं तर. रिकाम्या फ्रेमच्या खोक्यांमध्ये कोपऱ्यात उभी राहून तिनं फोन कानाला लावला.

"घेतलीस?" आत्या म्हणाली.

"काय घेतलीस? आत्या, बाबा बरे आहेत ना? आई?"

"बरे आहेत. तिकिटं. घेतलीस?"

"अगं, ती परवा स्वस्त होती ना?"

"हो. परवा. म्हणजे आज."

"आज कसं?" तिनं विचारलं. आत्यानं तारेवर ठोकावं तसं एकेक अक्षर पुन्हा म्हटलं, "मी लिहिलं तेव्हा परवा म्हणजे आज होता."

"मला वाटलं, होऊन गेलेला परवा."

"होऊन गेलेलं तुला कशाला कळवीन? तुला हळहळायला?"

"मग 'होतील' असं लिहायचंस ना आत्या. एक क्रियापद घालायचंस."

"क्रियापद आम्ही सगळ्यांत आधी छाटायचो." आत्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी गडबड झाली. "आणि तू 'कळलं' म्हणालीस. काय कळलं होतं तुला?"

मग आत्या बोलायला लागली, आणि आत्या इतकं सलग बोलू शकते हे तिला आजवर माहीत नव्हतं. घराच्या वरच्या मजल्यावर एक भाडेकरू मुलगी होती, विमान कंपनीच्या फोनवर बसायची. सुट्टीच्या गर्दीसाठी कंपनी एक जादा विमान लावणार होती आणि त्यातल्या पहिल्या जागा आज सकाळपासून स्वस्तात सुटणार होत्या. त्या पोरीनं खास जिना उतरून येऊन सांगितलं होतं. "आज संध्याकाळपर्यंत उडतील म्हणाली. आणि तुझा बाप. परवा मी त्याला काही बोलले नाही. म्हटलं, तिकीट हातात येऊ दे, मग सांगू. तर आज सकाळी मला सांगतो, ती येत नाहीये. तेही कसं, तर न्हाणीघरातला नळ सोडून. म्हणजे आपला आवाज कसा कापतोय ते मला ऐकू येऊ नये. दहा गाद्यांच्या खोळी धुतल्यात त्यानं, त्यात एक एवढीशी आहे. ती त्यानं स्वतः शिवलीय. वाकडी शिवलीय. आता बोल."

"आत्या, मी माझी सुट्टीसुद्धा देऊन टाकली."

"कुणाला?"

"आमच्या ताईंना. काल."

"मग माग परत."

"कसं मागू?"

"तोंडानं."

खोक्यांच्या थप्पीवर डोकं टेकून ती उभी राहिली. बाहेर कुणीतरी काउंटरवरची घंटी वाजवली आणि मालकीणबाईंचा आवाज आला, "आले, आले." तिला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं. नवऱ्याला सांगता आलं नव्हतं ते.

"आत्या, मला तसंच वाचायचं होतं की काय कोण जाणे. मला भीती वाटते. एकटीनं, हिला घेऊन. तुझा निरोप वाचला आणि वाईट वाटलं, पण आतून थोडं सुटल्यासारखंही वाटलं. माझीच लाज वाटते मला."

तिकडे आत्या शब्द छाटत असावी.

"लाज कसली. भीती वाटेलच," ती म्हणाली. "ढमी रडेल. कान दुखले की रडेल, दमली की रडेल. तूही रडशील. लोक बघतील. मग विमान उतरेल. उतरल्यावर आम्ही आहोत."

याहून मोठा धीर तिला आजवर कुणी दिला नव्हता. 'काही होणार नाही' असं सगळे म्हणायचे, आणि तिचा त्यावर कधी विश्वास बसत नसे. आत्यानं होणार ते सगळं सांगितलं होतं आणि त्यापुढे स्वतःला उभं केलं होतं.

ती मागच्या खोलीत गेली. ताई एका जाड काचेची कड घासत होत्या. सुट्टी परत मागायला तिची जीभ उचलेना, म्हणून तिनं नुसती झालेली गंमत सांगायला सुरुवात केली. आत्या, तारखातं, छाटलेले शब्द, परवा. 'होऊन गेलेला परवा' इथपर्यंत आली तेव्हा ताईंनी मशीन बंद केलं. 'क्रियापद आधी छाटायचो'ला त्या एवढ्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना काचा पुसायचंच फडकं घ्यावं लागलं.

"अगं, आमच्या घरी एकदा याच्यावरून पाहुणे दारात उभे आणि आम्ही गावाला," त्या म्हणाल्या. मग हसू ओसरलं आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे तिकिटं आज आहेत."

"हो."

"आणि तू इथं मला गोष्टी सांगत बसलीयस."

"ताई, सुट्टी तुमची आहे आता. मुलाला कळवलं असेल तुम्ही."

ताईंनी फोन उचलला, मुलाला लावला आणि मशीन बंद असूनही सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे, मी आत्ता येत नाही. पुढच्या महिन्यात येते... हो, बरी आहे मी... नाही रे, रागावले कशाला?... हो, पडदे तेव्हाच लावू... बरं." फोन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ऐकलास आवाज? कसा हलका झाला. खोली आवरायला महिना मिळाला ना लबाडाला. त्यानंच तुला दुवा द्यावा."

"ताई..."

"तू आता रडलीस तर मी मशीन चालू करीन. जा, पाटी बदल."

पाटीशी मालकीणबाई आधीच उभ्या होत्या. एका हातात हिशेबाचं यंत्र, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ताईंच्या आवाजात न ऐकण्याची सोयच नव्हती.

"काल हिचं नाव पुसून तिचं. आज तिचं पुसून हिचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी एकमेकींना माझ्या दुकानातल्या सुट्ट्या वाटत बसणार असाल, तर एखादी मलापण द्या." मग खडू तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "पुढे मी बसते. तुझं ते तिकीट बघ आधी. आणि नीट वाच. तारीख असते तिथं, परवाबिरवा नसतं."

ती ताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसली. आत्या म्हणाली होती तसंच होतं. रोजच्या यादीत नसलेलं एक विमान आज दिसत होतं, आणि त्याच्यापुढचा आकडा असा होता की तिनं तो आधी ताईंना वाचायला दिला, कारण स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा उडाला होता. त्यांनी मोठ्यानं वाचला. तोच होता.

नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता.

"बोल. मी दोन मजल्यांच्या मधे आहे."

तिनं भराभर सांगितलं. तिकडे थोडा वेळ नुसता घुमारा आला, मग त्याचं हसू. "चिंतोबा, तरी मी विचारलं होतं, परवाची गोष्ट आज का."

"विचारलं होतंस. ऐकलं नाही मी."

"घेऊन टाक. आणि ऐक, भीती वाटतेय ना? तुला एकटीला पाठवायची मलाही वाटतेय. बोललो नाही, तू आणखी घाबरशील म्हणून."

इतके दिवस एकाच घरात दोघं आपापली भीती एकमेकांपासून लपवत वावरत होती. लिफ्टच्या त्या अंधाऱ्या बोगद्यातून आलेलं ते वाक्य ऐकून तिला एकदम बळ आल्यासारखं झालं. तिनं तारखा भरल्या. आपलं नाव भरलं. मांडीवरच्या मुलाच्या चौकोनात ढमीचं कागदोपत्रीचं लांबलचक नाव, जे घरात कुणी कधी उच्चारत नसे. पान फिरत राहिलं. ताई श्वास रोखून बघत होत्या, आणि घासायची काच त्यांच्या हातात तशीच होती. मग पान उघडलं. जागा मिळाली होती.

आत्याला तिनं निरोप लिहिला. आधी लांब लिहिला, आभाराचा. मग त्यातलं एकेक काढत गेली. उरलं ते असं, "घेतली. येतेय. तुझ्यामुळे." क्रियापदं तिनं मुद्दाम राखली होती.

आत्याचं उत्तर आलं, "कळलं. नक्की कळलं."

प्रवास आत्यानं सांगितला होता तसाच झाला. ढमी विमान चढताना रडली, उतरताना रडली, आणि मधल्या वेळात पुढच्या खुर्चीला लाथा मारत राहिली. पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी एकदा मागे वळून बघितलं, आणि पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून ढमीच्या हातात दिला. विमान बदलताना कुणा अनोळखी माणसानं न विचारता तिच्या पिशव्या उचलल्या आणि दारापर्यंत पोचवल्या. तिनं आभार मानायला तोंड उघडलं तोवर तो गर्दीत दिसेनासाही झाला होता. दुसऱ्या विमानात शौचाला जायची वेळ आलीच, तेव्हा हवाई सुंदरीनं ढमीला कडेवर घेतलं आणि ढमी तिच्या गळ्यातला रुमाल चघळत बसली. ज्या ज्या 'तर'नं तिची झोप उडवली होती, त्यातले बरेच खरे झाले होते. आणि प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी हात पुढे केला होता, हे मात्र तिच्या तर्कशास्त्रात कधी आलं नव्हतं.

बाहेर आली तेव्हा ढमी तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती, तोंड उघडं, गाल घामानं चिकटलेला. समोर सगळे उभे. आई काठीवर भार देऊन, दादा, काका-काकू, मागे आत्या. सगळे एकदम पुढे आले आणि ढमी झोपलेली बघून सगळे एकदम थांबले. इतकी माणसं इतकी गप्प तिनं कधी बघितली नव्हती. काका तोंडाशी बोट नेऊन बायकोला गप्प करत होते आणि ती बिचारी आधीपासूनच गप्प होती.

"उठवू?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "झोपू दे."

ते पुढे आले. त्यांनी आधी हात शर्टाला पुसले. मग एक हात ढमीच्या डोक्याखाली सरकवला, एक पाठीखाली, आणि हलकेच तिला आपल्या खांद्यावर घेतलं. ढमी कुरकुरली. सगळ्यांचे श्वास अडकले. मग तिनं बाबांच्या मानेत तोंड खुपसलं, एक सुस्कारा टाकला आणि पुन्हा झोपली. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"जड आहे गं," ते हळूच म्हणाले. "फोटोत कळत नाही."

दादानं पिशव्या घेतल्या. आत्यानं तिच्या खांद्यावरची बाळाची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच तिच्या गालाला हात लावला. सगळे गाडीकडे निघाले, बाबा सगळ्यांत पुढे, इतके सावकाश की काठी घेतलेली आईसुद्धा त्यांच्या पुढे जाईल.

ती मागून चालत होती. काही पावलं गेल्यावर तिला चुकल्या चुकल्यासारखं वाटायला लागलं. काहीतरी मागे विसरलं, असं वाटून तिनं वळून बघितलं. मागे काही नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, तिचे दोन्ही हात रिकामे होते. ढमी जन्मल्यापासून घराबाहेर ती असं हातात काही नसताना कधी चाललीच नव्हती. त्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. थोडा वेळ तिनं ते कोपराशी धरून ठेवले. मग सोडून दिले, आणि लहानपणी याच माणसांच्या मागे चालायची तशी, हात हलवत, ती चालायला लागली.